हुंकार वजा जाता

स्टीलच्या पेल्यातलं पाणी हलत नव्हतं. शैलजानं पेला भिंतीला टेकवून ठेवला, वाकून डोळे पाण्याच्या पातळीवर आणले आणि थांबून पाहिलं. सहा आठवड्यांपूर्वीपर्यंत या पाण्यावर कडेकडून मध्याकडे जाणारी बारीक वर्तुळं सारखी उठत असायची. भिंतीपलीकडच्या शेडमध्ये चोवीस यंत्रमाग चालायचे. त्यांचा धक्का भिंतीतून टेबलात आणि टेबलातून पेल्यात यायचा. मग मालकानं माग गावाबाहेरच्या वसाहतीत हलवले. आता पाण्यात खिडकीचे गज उभे दिसत होते, एकही वाकडा नाही.

इचलकरंजीत शांतता ही चैनीची गोष्ट. दुरुस्ती कट्ट्यावरच्या बाकी पाचही जणांना तिचं कौतुक होतं. शैलजाला तिची धास्ती वाटायला लागली होती.

"काय गं ताई, पान्यात मासं बगतीस काय?"

एवढा मोठा आवाज एकट्या रायाप्पा हावळांचा. चाळीस वर्षं ते मागांचे जॉबर होते, म्हणजे अडलेला माग चालू करून देणारे कारागीर. वय चौऱ्याहत्तर. मागांनी त्यांचे कान केव्हाच खाल्ले होते, पण तोंडाला हात लावला नव्हता.

"गाळ बसतोय का बघत होते, आप्पा," शैलजा म्हणाली.

"बसू दे. आपल्याला च्या प्यायचा हाय, पानी न्हाई."

मागून सुकुमारअण्णा पाटील बंद पडलेला पंखा काखेत मारून आले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी हातात स्क्रू ड्रायव्हर घेतला होता आणि अजून तो उलटाच फिरवत होते. नसीमा मुल्ला, कपडे शिवून घर चालवणारी, शेचाळीस वर्षांची बाई, आपली इस्त्री फडक्यात गुंडाळून घेऊन आली. आणखी दोघं यायचे होते. दर रविवारी नऊ ते बारा असे सहाजण या खोलीत जमत आणि पेठेतल्या लोकांचे मिक्सर, छत्र्या, पंखे, रेडिओ उघडून बसत.

टेबलाच्या मध्यभागी बशीएवढी एक पांढरी चकती होती. शैलजानं ती चालू केली. चकतीची कड हिरवी व्हायला हवी होती. ती नारिंगी झाली आणि तशीच राहिली. शैलजानं तिच्यावर फडकं टाकलं.

*

हा कट्टा 'जमूया'नं जमवला होता.

'जमूया' ही तशी साधी वेबसाइट. आपली पेठ लिहायची, मोकळा वेळ लिहायचा, आवड लिहायची. आठवड्याभरात ती आसपासच्या सहा-सात जणांची नावं आणि बसायची जागा सुचवते. भजन, बुद्धिबळ, भाकरी शिकणं, काहीही. तीन वर्षांपूर्वी शैलजानं त्यात लिहिलं होतं: 'सोल्डरिंग येतं. मल्टीमीटर आहे. वस्तू उघडून बघायला आवडतं.' कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिनं एकतीस वर्षं सहायक म्हणून काढली होती. निवृत्तीनंतर वर्षभरात नवरा गेला. त्यानंतरचे दोन हिवाळे ती भाजीवाली सोडून कुणाशी बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. आठव्या दिवशी पाच नावं आली. त्या पाच नावांनी तिला घरातून उचलून बाहेर काढलं, असं ती मनातल्या मनात दर रविवारी म्हणायची.

पण 'जमूया'चं खरं मर्म चकतीत होतं. दोन माणसं मोकळेपणानं बोलत असली, की एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण एक पंचमांश सेकंद जातो. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. इतक्यात उत्तर शोधून, शब्द जुळवून जीभ हलवणं मेंदूला शक्यच नाही. त्याला त्याच्या निदान तिप्पट वेळ लागतो. याचा अर्थ, समोरचा बोलत असतानाच त्याचं वाक्य कुठे संपणार हे आपण ओळखतो आणि आपलं वाक्य तयार ठेवून बसतो. ज्याच्याशी आपलं पटतं त्याच्या बाबतीत हे आणखी लवकर जमतं. मधली फट बारीक होते.

चकती फक्त ही फट मोजायची. शब्द साठवायची नाही. कोण कधी थांबलं, कोण कधी सुरू झालं, किती वेगानं बोललं आणि आवाज कुठल्या दिशेला गेला, एवढंच. त्यावरून प्रत्येकाचा शंभरपैकी 'मेळ' काढायची आणि फट रुंदावत चालली की माणूस दुसऱ्या गटात हलवायची. गट टिकायला लागले. मेळ या आकड्याला बघता बघता वजन आलं. वधूवर मंडळांच्या अर्जात उंचीखाली मेळ लिहायची जागा आली. सुकुमारअण्णांच्या पुतण्याचं स्थळ एकोणसत्तर मेळावर परत गेलं, तेव्हा अण्णा म्हणाले होते, "आमच्या वेळी पत्रिका आडवी यायची. ती निदान पैसे देऊन बदलून मिळायची."

कट्ट्यात सगळ्यांत जास्त मेळ शैलजाचा होता. शहाण्णव. म्हणून साइटनं तिलाच सूत्रधार केलं होतं. लोक म्हणायचे, ताईंसारखं ऐकून घेणारं माणूस मिळायचं नाही.

शैलजाला ऐकूच येत नव्हतं.

*

कानात तीन हाडं असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब सगळ्यांत लहान, तांदळाच्या कणीएवढी. पडद्याचा कंप ती आतल्या कानात ढकलते. शैलजाच्या दोन्ही कानांत रिकिबीभोवती नवं हाड वाढून ती जागच्या जागी घट्ट बसत चालली होती. आतला मज्जातंतू शाबूत, फक्त दार गंजलेलं. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी हे चित्र काढून समजावलं होतं. रिकीब काढून तिथे केसाएवढी दांडी बसवायची, तासाभराचं काम. शंभरात एखाद्याचा तो कान कायमचा जातो, हेही त्यांनी लपवलं नव्हतं. शैलजानं फाइल घरी आणून कपाटात साड्यांखाली ठेवली, ती ठेवलीच.

या आजाराची एक गंमत असते. गोंगाटात असं माणूस चांगलं ऐकतं. गोंगाट त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि भोवतीचे लोक मात्र गोंगाटावर मात करायला ओरडून बोलत असतात. चोवीस माग चालू असताना शैलजाला प्रत्येक शब्द कळत होता. माग थांबले, लोकांनी आवाज खाली आणले आणि खोलीतली वाक्यं एकेक करून तिच्या हातून निसटायला लागली. ती ओठांवरून काढायची, चेहऱ्यांवरून काढायची आणि समोरचं वाक्य उतरणीला लागलं की म्हणायची, "हं."

हं, हे तिचं सगळ्यांत जुनं हत्यार. मराठी माणसाला बोलताना समोरून हुंकार लागतो. तो मिळाला नाही तर तो थांबून विचारतो, "ऐकतेस ना?" मिळाला की तो खुशाल पुढे जातो. शैलजाचा हुंकार अचूक वेळेवर पडायचा, कधी वाक्य संपायच्या आतच. चकती त्याला उत्तर समजायची. फट शून्य, मेळ शहाण्णव.

नोंदणीच्या वेळी साइटनं सरळ विचारलं होतं: 'ऐकण्यात काही अडचण?' रायाप्पांनी 'हो' लिहिलं होतं आणि त्यांची फट चकती वेगळ्या मापानं मोजायची; त्यांचं काही अडलं नव्हतं. शैलजानं 'नाही' लिहिलं.

ते 'नाही' तिच्या आईसाठी होतं. आईलाही हेच होतं, पण तेव्हा त्याला नाव नव्हतं. एका संक्रांतीला हळदीकुंकवात कुणीतरी आईला विचारलं, "थोरली नात कुठं असते आता?" आईनं हसून सांगितलं, "उरला होता, म्हशीला घातला." तिला 'नात'ऐवजी 'भात' ऐकू आलं होतं. बायका पदर तोंडात धरून हसल्या. हे वाक्य गल्लीत कितीतरी वर्षं चाललं. पोरं हरवली की लोक म्हणायचे, म्हशीला घातलं काय? आई त्यानंतर कुणाच्याच हळदीकुंकवाला गेली नाही. त्या दिवशी तिळगुळाचं ताट शैलजाच्या हातात होतं, आणि ती हसली नव्हती, पण काही बोललीही नव्हती.

*

गुरुवारी 'जमूया'चा निरोप आला होता.

'मराठी गटांमध्ये "हं" हा हुंकार चकती आजवर उत्तर म्हणून मोजत होती. ही चूक आम्ही दुरुस्त केली आहे. जुने आकडे हुंकार वजा करून पुन्हा काढले आहेत. आपल्या गटात सदस्य क्रमांक १ ची फट गेल्या सहा आठवड्यांत ०.३ वरून ०.९ सेकंदांवर गेली आहे. सूत्रधारानं रविवारी दुपारी बारापर्यंत निवड करावी. एक: या सदस्याला दुसऱ्या गटात जागा देणे. दोन: सदस्याची नोंदणीतली माहिती चुकली असल्यास ती दुरुस्त करून गट कायम ठेवणे. यासाठी चकतीचं माप बदलावं लागेल, म्हणून सर्व सदस्यांना कारण सांगून त्यांचा होकार घ्यावा.' निरोपाखाली 'सविस्तर' असं बटण होतं. ते तिनं दाबलं नाही.

क्रमांक फक्त सूत्रधाराला ठाऊक असत. कट्ट्यात सगळ्यांत आधी नाव घातलं होतं शैलजानं. क्रमांक १ तीच.

तिला आधी राग आला नाही, आधी पटलं. एकतीस वर्षं ती मुलांना सांगत आली होती, व्हर्निअर मोजपट्टी हातात घेतली की पहिल्यांदा शून्यत्रुटी, म्हणजे काही न मोजताच दिसणारा आकडा, बघा आणि वजा करा. तिच्याच मोजमापात हुंकाराएवढी त्रुटी होती, ती कुणीतरी वजा केली. जे उरलं ते खरं होतं.

मग तिनं पहिल्या पर्यायावर बोट नेलं. गुपचूप निघून जाता आलं असतं. कारण विचारलं असतं तर सांगता आलं असतं, गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. नव्या गटात नवे चेहरे, पुन्हा ओठ वाचायला शिकायचं, पुन्हा हं. बोट तिथेच राहिलं. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवार गेला.

*

बाकीचे दोघंही येऊन बसले होते. साडेदहाच्या सुमारास नसीमानं इस्त्री उघडली. तिनं मान खाली घातली होती आणि केस गालावर आले होते. विजेचा बोर्ड शैलजाच्या उजव्या हाताशी होता. शैलजाला एवढंच जाणवलं, की नसीमाच्या बाजूनं एक लहानसं वाक्य आलं आणि शेवटी वर चढून थांबलं.

"हं," शैलजा म्हणाली.

नसीमानं पकड आत घातली. बोर्डातला सुरक्षेचा खटका धाडकन पडला, पंखा थांबला, पकड टेबलावरून उडून अण्णांच्या पायाशी पडली. नसीमा हात छातीशी धरून बसली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"पिन बोर्डात होती," अण्णा म्हणाले, आणि उठून त्यांनी ती ओढून काढली.

रायाप्पांनी नसीमाचा हात आपल्या हातात घेतला, बोटं एकेक करून वाकवून बघितली. "झिनझिन्या येत्यात नव्हं? मग ठीक हाय. मला मागानं धा वेळा हानलंय. हातभर लांब फेकून द्यायचा."

"मी विचारलं होतं," नसीमा म्हणाली. मग लगेच शैलजाकडे वळली, सावकाश म्हणाली, "जाऊ द्या, ताई. मीच बघायला पायजे होतं. आपला हात घालताना आपण बघावं."

शैलजानं तिचे ओठ पूर्ण वाचले. त्यांत कुठेही टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. आपला हुंकार कुणाचं नुकसान करत नाही, हे तिनं सहा वर्षं स्वतःला सांगितलं होतं. आता ते सांगता येणार नव्हतं.

अण्णांनी चहा ओतला. नसीमाच्या कपात कुणी न सांगता दोन चमचे साखर जास्त घातली. मग पुसायला म्हणून त्यांनी चकतीवरचं फडकं उचललं.

"ही नारिंगी का? ताई, सूत्रधाराचा निर्णय बाकी आहे म्हणते ही. बारापर्यंत." त्यांनी चकतीवर फोन टेकवला होता. "सविस्तर म्हणून काहीतरी आहे. वाचू का?"

बँकेतल्या माणसाला 'सविस्तर' असं लिहिलेलं काही न वाचता सोडवत नाही. शैलजानं हात पुढे केला, पण अण्णांनी चष्मा लावला होता.

"'सदस्य एकशी बोलताना,'" अण्णा मोठ्यानं, एकेक शब्द तोडून वाचायला लागले, कारण रायाप्पा कानाला हात लावून बसले होते, "'बाकी पाचही सदस्यांचा बोलण्याचा वेग सरासरी बावीस टक्क्यांनी उतरतो. बोलण्यापूर्वी त्यांचा आवाज सदस्य एकच्या दिशेला वळतो. एकमेकांशी बोलताना असं होत नाही. हा बदल गेल्या सहा आठवड्यांत हळूहळू झाला आहे. सदस्यांना याची जाणीव असल्याचं दिसत नाही.'"

"म्हणजे काय?" नसीमानं विचारलं.

"म्हणजे आपल्यात कुणीतरी एक आहे, त्याच्याशी आपण सगळे हळू बोलतो. तोंडाकडे बघून."

"मी?" रायाप्पा म्हणाले. "मी कुनासाठी हळू बोलतोय? घरी जाऊन माझ्या बायकूला वाचून दाखव ते. उपाशी ठेवंल मला."

"तुमचाही आकडा आहे, आप्पा. वेगळ्या मापाचे तुम्ही एकटेच. एकोणीस टक्के."

"यंत्र बिघडलंय. उघडा ते."

नसीमा हसली. हाताला झिणझिण्या असताना हसली. "मी तर कुणाशी हळू बोलत न्हाई. गिऱ्हाइकं म्हणतात, नसीमा, श्वास घे." आणि हे सांगताना ती शैलजाकडे वळली होती, केस गालावरून मागे सारले होते, आणि प्रत्येक शब्द नीट पूर्ण करत होती.

शैलजाला ते दिसलं. अण्णा बोलायच्या आधी हनुवटी वर करतात, तेही तिला आठवलं. पूर्वी करत नसत. आणखी दोघं, तेही टेबलाला वळसा घालून तिच्या समोर येऊन बोलायचे. रायाप्पा तर खांद्याला हात लावून मग बोलत. शेडमध्ये कानठळ्या बसत असताना जॉबर असंच करतात. तिला वाटायचं त्यांची सवयच आहे. गेल्या सहा आठवड्यांत खोलीतली वाक्यं तिच्या हातून निसटत होती, आणि जी उरत होती ती तिच्या कौशल्यामुळे उरतात, असा तिचा समज होता. ती उरत होती कारण पाच माणसं ती खाली वाकून तिच्या हातात देत होती. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी कुणाला डोळा घातला नव्हता. दया केली असती तर तिनं ती ओळखली असती आणि उठून गेली असती. हे दयेच्याही आधीचं काहीतरी होतं, बैलगाडीत शेजारचा माणूस आपोआप सरकून जागा करतो तसं.

आईसाठी त्या दिवशी कुणी अर्धा सेकंदही थांबलं नव्हतं.

तिनं चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला.

"कुठला नंबर कुणाचा, ते ताईलाच ठाऊक असणार," अण्णा म्हणाले. "पण सांगू नका, ताई. ज्याचा असेल त्याचा. दोन पर्याय आहेत, तुम्ही काय ते बघा. मला विचाराल तर कुणाला हलवायला नको. बावीस टक्क्यांनी काय होतं? बँकेत आम्ही याहून हळू होतो."

नसीमा म्हणाली, "हो, नको हलवायला."

"एक नंबर मी आहे," शैलजा म्हणाली.

या आजाराच्या माणसाला स्वतःचा आवाज कवटीतून घुमून मोठा वाटतो, म्हणून तो जपून, हळू बोलतो. ओरडणाऱ्या गावात शैलजाच्या हळू बोलण्याला लोक कॉलेजचं वळण समजायचे. नसीमाचा कप ओठांपाशी थांबला. अण्णांनी चष्मा काढला. रायाप्पा सोडून सगळ्यांनी ऐकलं होतं.

"काय म्हनाली?" रायाप्पांनी टेबलावर पुढे झुकून विचारलं. "मोठ्यानं बोल की, ताई. मला ऐकू येत न्हाई."

आज उकडतंय, असं सांगावं तसं ते म्हणाले. चार शब्द. त्यांत लाज नव्हती, माफी नव्हती, नुसती माहिती होती.

शैलजा उभी राहिली. आवाज तिनं इतका चढवला, की तिच्या डोक्यात तो घंटेसारखा वाजला.

"एक नंबर मी आहे, आप्पा. मलापण ऐकू येत नाही. सहा वर्षं झाली. नोंदणीत मी खोटं लिहिलं होतं, ते आता खरं करते. नसीमा, तू मघाशी काय विचारलंस ते मला कळलंच नव्हतं. मी नुसतंच हो म्हटल्यासारखं केलं, ते पुन्हा करणार नाही." तिनं श्वास घेतला. पाचही जण तिच्याकडे तोंड करून थांबले होते. "यावर उपाय आहे, मला भीती वाटत होती म्हणून राहिला. उद्या सकाळी दवाखान्यात जाऊन मी ऑपरेशनची तारीख घेते. आधी डावा कान."